पाणी टाइप करतंय…

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळ्यात तीनच मेसेज चालतात. ‘आलं का?’, ‘आलं’ आणि ‘गेलं’. काय आलं, काय गेलं, ते कुणी लिहीत नाही. गरजच नसते.

मे २०२२. पुण्यातलं आमचं ऑफिस अजून अर्धंमुर्धं घरूनच चालू होतं, म्हणून मी महिनाभर आईकडे येऊन राहिले होते. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, त्यातलं सिडको. पाणी आठव्या दिवशी, कधी नवव्या, आणि तेही रात्री दोन-अडीचला. त्या रात्री आई झोपतच नाही. हंडे, कळश्या, बादल्या, दह्याचे रिकामे डबे, सगळं ओळीनं मांडून ती मोटरीच्या बटणाजवळ खुर्ची टाकून बसते. पाणी आलं की अख्ख्या गल्लीतल्या मोटरी एकदम घुरघुरायला लागतात आणि गल्लीतलं प्रत्येक घर प्रत्येक घराचं पाणी ओढायला लागतं. सकाळी तीच माणसं एकमेकांना ‘झालं का भरून?’ असं प्रेमानं विचारतात.

त्या रात्री साडेतीन वाजले तरी नळ नुसता फुसफुसत होता. आई जांभई देत म्हणाली, “पैठणहून निघालं म्हणतात. कुठं अडकलं काय माहीत.”

जणू पाहुणेच यायचे होते. मला हसू आलं आणि मी तिथंच, एका हातात पाइप धरून, दुसऱ्या हातानं फोनमध्ये ते लिहून घेतलं. माझं कामच ते आहे. फ्लॅट, मसाले, केस गळतीचं तेल अशा गोष्टींसाठी मी पोस्ट बनवते आणि त्या जास्तीत जास्त फोनवर कशा पोचतील ते बघते. सोशल मीडिया मार्केटिंग. आईच्या भाषेत, ‘पुण्याला फेसबुकमध्ये आहे’.

सकाळपर्यंत मीम तयार होतं. व्हॉट्सॲपच्या चॅटचा खोटा स्क्रीनशॉट. वर कॉन्टॅक्टचं नाव, ‘पाणी’. त्याखाली, ‘लास्ट सीन ८ दिवसांपूर्वी’. मग संवाद.

‘कुठं आहेस?’
‘निघाले.’
‘कधी?’
‘पैठण सोडलं.’
‘आता?’
‘बिडकीन.’
‘आता??’
‘फारोळ्यात जरा आंघोळ करतेय.’
‘लोकेशन पाठव.’

आणि सगळ्यात खाली, ‘पाणी टाइप करतंय…’

शहराबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडी धरण आहे. १९७६ साली त्याचं लोकार्पण झालं आणि त्याच्या जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. शंभर टीएमसीहून जास्त पाणी मावेल एवढं मोठं. पण धरण खाली आणि शहर वर, त्यामुळे प्रत्येक थेंब पंपानं चढवून आणावा लागतो. फारोळ्याला ते शुद्ध होतं (म्हणून आंघोळ), मग नक्षत्रवाडीमार्गे शहरात येतं. २०२२ मध्ये हा सगळा भार दोन जुन्या जलवाहिन्यांवर होता. एक ७०० मिलिमीटर व्यासाची, सत्तरच्या दशकातली. दुसरी १४०० मिलिमीटरची, नव्वदच्या दशकातली. शहर तेवढ्यात कितीतरी पटींनी वाढलं. मधे ‘समांतर’ नावाची योजना आली. दहा वर्षं गाजली आणि २०१६ साली कंत्राटच रद्द झालं. समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, तरी योजनेचं नाव तेच ठेवायचं धाडस कुणी केलं देव जाणे. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं.

म्हणजे विनोदाला माल भरपूर होता. प्रश्न फक्त पसरवण्याचा होता, आणि तो तर माझा पोटापाण्याचा धंदा. मला वाटलं, तेलाच्या बाटलीसाठी जे करते ते एकदा आपल्या गावासाठी करून बघू. मी रीतसर आराखडा केला. पोस्ट रात्री साडेनऊला, जेवणं आटोपून माणसं आडवी होतात तेव्हा. दोन आवृत्त्या, एक शुद्ध मराठी आणि एक आमच्याकडच्या दखनी वळणाची. कुठली जास्त चालते ते बघायचं. शहराभोवती पंधरा किलोमीटरचं वर्तुळ आखून स्वतःचे पंधराशे रुपये लावायचे. बाकी पेरणी हातानं, ओळखीच्या ग्रुपांमधून.

जाहिरात पहिल्याच फटक्यात नाकारली गेली. फेसबुकवर निवडणूक, राजकारण आणि सामाजिक प्रश्न यांवरच्या जाहिरातींना वेगळे नियम आहेत. आधी ओळखपत्र देऊन स्वतःची पडताळणी करायची आणि जाहिरातीवर ‘हिचे पैसे कुणी दिले’ ते छापायचं. नियम मला माहीत होता. क्लायंटच्या वेळी मीच तो इतरांना समजावते. पण पाण्यावरचा विनोद राजकारणात मोडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोडायलाच हवा होता, खरं तर. मी तो फॉर्म उघडला, नावाच्या रकान्यापर्यंत गेले आणि बंद केला. नोकरी, ऑफिसचे क्लायंट, त्या क्लायंटांचे मोठमोठ्या लोकांबरोबरचे फोटो, सगळं डोळ्यांपुढं आलं. मला सत्तेची टर उडवायची होती, फक्त खाली माझं नाव नको होतं.

मग पेरणी. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा, सोसायटीचा, मामाचा, भिशीचा, ‘सिडको मॉर्निंग वॉक’. वहीत टिक करत करत मी त्रेचाळीस ग्रुप मोजले. व्हॉट्सॲपवर खूपदा पुढं गेलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो, २०२० पासून. त्यावर उपाय आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. चित्र फोनमध्ये उतरवून घ्यायचं आणि नवीन म्हणून टाकायचं. दोन बाणांची खूण गायब.

लोक हसले. ‘भारी’, ‘एक नंबर’, ‘हमारे यहाँ तो ब्लॉक करके रखा है पानी ने’. पण चित्र पुढं सरकेना. शहराच्या एका मोठ्या मीम पेजच्या ॲडमिनला पाठवलं, तर तो म्हणाला, “ताई, कंटेंट मस्त है, पर किसका है?” मी म्हटलं माझं. “वो नहीं. कौनसी पार्टी का?” कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यानं दर सांगितला. पक्षाचं असतं तर वेगळा दर होता म्हणे. कमी की जास्त, ते मी विचारलं नाही.

त्याचंही बरोबर होतं. त्या महिन्यात आमच्या शहरात पाणी हा राजकारणाचा विषय नव्हता, पाणी हेच राजकारण होतं. २३ मेला भाजपचा ‘जल आक्रोश’ मोर्चा निघाला, देवेंद्र फडणवीस तेव्हा विरोधी पक्षनेते. पाणीपट्टी निम्मी करायचं ठरलं. ८ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंची सभा झाली. आणि ज्या दोन पक्षांचं पाण्यावरून भांडण, त्यांनीच युती करून महापालिका वर्षानुवर्षं चालवलेली. माझं मीम दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना आवडलं. एकानं खाली समोरच्यांच्या नेत्याचा फोटो चिकटवला, दुसऱ्यानं यांच्या. दोन्ही आवृत्त्या माझ्या मूळ चित्रापेक्षा जास्त फिरल्या.

इथं मला राग यायला हवा होता. आला तो हेवा.

पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन केला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, २०१९ च्या निवडणुकीत त्यानं प्रचाराचं काम केलेलं. त्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला, “हुशार आहे, पण चेहरा कुठाय? लोक चेहऱ्याला हसतात. पाण्याला कोण हसणार?” मग बराच वेळ तो उदाहरणं देत बसला. २०१४ मध्ये भाजपनं ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा’ ही जाहिरात केली. पैसे ओतून, व्यवस्थित, सगळीकडे. लोकांनी ती ओळ उचलली आणि करपलेल्या पोळीपासून रिझल्टपर्यंत वाट्टेल त्याला लावली. २०१९ मध्ये राज ठाकरे भर सभेत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणाले. ते नुसतं पडदा चालवणाऱ्याला सांगणं होतं, पण राज्यभर पोरं एकमेकांना तेच म्हणायला लागली. “दोन्हीच्या मागं एक माणूस उभा आहे,” तो म्हणाला. “तुझ्या चित्रामागं कोण आहे?”

(मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. रिचर्ड डॉकिन्सनं १९७६ साली ‘मीम’ हा शब्द काढला तेव्हा माणूस त्याच्या लेखी नुसतं वाहन होता. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत जाणारी कल्पना, एवढंच. पण डॉकिन्सला कधी शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटला आकडे दाखवायचे नव्हते.)

चेहरा आणायचा कुठून? नगरसेवक नव्हतेच. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपलेली, निवडणुका लांबलेल्या, कारभार प्रशासकाकडे. ज्याला मत दिलं असा वॉर्डातला माणूसच कुणी नव्हता की ज्याला हसावं. पाण्याच्या बाबतीत गल्लीला माहीत असलेला एकच माणूस होता. लाइनमन.

आमच्या भागाच्या व्हॉल्व्हची चावी त्यांच्याकडे. टी आकाराची, कमरेएवढी उंच लोखंडी चावी. रात्री लुना लावायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडून दोन्ही हातांनी फिरवायची. आई त्यांना भाऊ म्हणते, मी काका. पाणी यायच्या रात्री आई त्यांच्यासाठी चहाचा थर्मास भरून ठेवते, आणि त्यात माया किती आणि हिशोब किती हे मला अजून सांगता येणार नाही.

माझ्याकडे त्यांचा एक फोटो होता. रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड, पाठमोरे काका, चावीवर वाकलेले, शेजारी लुना. सहज काढलेला आणि सुंदर आलेला. मी त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘जिल्ह्याचे खरे पालकमंत्री’. खाली बारीक, ‘शपथविधी रात्री अडीच वाजता’.

ते पळालं. एक रुपया न लावता. मी तीन ग्रुपांवर टाकलं आणि झोपले. सकाळी उठले तर मुंबईच्या मावसबहिणीनं मलाच फॉरवर्ड केलं होतं, ‘तुमच्याकडचं ना हे?’ दुपारपर्यंत मीम पेजवाल्यानंही टाकलं, दर न मागता. पुण्याहून सहकाऱ्याचा मेसेज आला, ‘बघ. चेहरा.’ चेहरा नव्हता खरं तर, पाठ होती, पण त्या दिवशी मी कशावरच वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हते. मी गल्लीतून चालत गेले तर दोन पोरं फोन बघून हसत होती आणि ती माझ्याच ओळीला हसत होती. खोटं कशाला बोलू, तेलाच्या बाटलीनं हा आनंद मला कधीच दिला नव्हता.

दोन दिवस ते कौतुकाचं चित्र होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खालची ओळ पुसून लिहिलं, ‘पाचशे द्या, पालकमंत्री प्रसन्न’. मग आणखी एक: ‘टँकरवाल्यांचे हायकमांड’. मग एक, ज्यात विनोद नव्हताच. लुनाच्या नंबर प्लेटवर लाल गोल आणि ‘हाच तो’.

नंबर प्लेट. क्लायंटच्या कुठल्याही फोटोत रस्त्यावरची गाडी आली तर तिचा नंबर धूसर करायचा हा आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम आहे. तीन वर्षांत मी तो एकदाही चुकवला नव्हता. काकांच्या फोटोत मात्र मी अक्षरांची जाडी, सावली, पिवळ्या उजेडावर पांढरं उठतंय का, हे सगळं अर्धा तास बघितलं. नंबर बघितलाच नाही.

आईनं जेवताना सांगितलं. मागच्या लाइनीत नऊ दिवस पाणी आलं नव्हतं. तिथल्या लोकांनी रात्री भाऊंना अडवलं, लुनाची चावी काढून घेतली. हात कुणी लावला नाही म्हणे, पण तासभर उभं केलं. फोनमधलं चित्र त्यांच्या तोंडासमोर धरून विचारत होते, किती घेतो? “आणि त्या माणसाच्या हातात काय असतं गं?” आई म्हणाली. “वरून जेवढं सोडतात तेवढंच तो फिरवतो. कुठल्या मेल्यानं काढलं ते चित्र.”

मी वरण वाढून घेतलं.

पुढच्या पाण्याला काका आले. दोन वाजून दहा मिनिटं. थर्मास घेऊन मीच बाहेर गेले. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, “बघितलं का तुम्ही ते, ताई? फोटो चांगला होता हां तो. माझ्या पोरीनं स्टेटसला ठेवला होता. आधी.”

त्या ‘आधी’नंतर गप्प राहणं मला जमलं नाही. सांगितलं. फोटो मी काढला, ते शब्द माझे, बाकीचं मी केलं नाही. शेवटचं वाक्य तोंडातून निघतानाच मला कळलं की हे वाक्य मी का घालतेय.

ते चावीवरचा हात न काढता माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, निदान मला दिसला नाही. कंत्राटी माणूस, तक्रार गेली तर चौकशीला उत्तर त्यांनाच द्यायचं. ते म्हणाले, “मग बंद करा ना ते.”

मी समजावलं. एकदा गेलेलं परत घेता येत नाही, लोकांच्या फोनमध्ये उतरलेलं असतं, कुणाकडे आहे तेच कळत नाही. हे मी क्लायंटना सांगते त्याच ठाम सुरात सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “पण चालू तुम्ही केलं ना?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते. त्यांच्या कामात ज्यानं व्हॉल्व्ह उघडला त्यालाच तो बंद करता येतो.

मग मी तेच केलं जे मला येतं. नवीन पोस्ट बनवली. फोटो नाही, नंबर नाही. साध्या भाषेत, लाइनमनच्या हातात काय असतं आणि काय नसतं. पाणी कुठून येतं, किती टप्प्यांनी येतं, जलवाहिन्या किती जुन्या आहेत. खाली माझं पूर्ण नाव. त्रेचाळीस ग्रुपांवर पुन्हा, वहीत टिक करत. मीम पेजवाल्याला फोन केला. त्यानं जुनं काढून टाकलं, तेवढा चांगला निघाला तो. नवीन टाकायला मात्र नाही म्हणाला. “ताई, इसमें हँसने का क्या है?”

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर त्या पोस्टखाली एक अंगठा आला. आईचा.

आणि मग २१ जूनला राज्यातलं सरकार हललं. एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला, तिथून गुवाहाटीला. दोन-तीन दिवसांत सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा तो फोन कॉल बाहेर आला. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.’ ना आराखडा, ना वर्तुळ, ना रात्रीचे साडेनऊ. एका माणसानं आपल्या कार्यकर्त्याला सहज सांगितलेलं वाक्य, आणि अख्खा महाराष्ट्र त्यावर गाणी करत सुटला. सहकारी ऑफिसच्या ग्रुपवर लिहीत होता की ह्याचा अभ्यास व्हायला पाहिजे. मी मात्र रोज सकाळी एकच गोष्ट शोधायचे. लुनाचं चित्र कुठं दिसतंय का. नव्हतं दिसत. बापूंनी सगळे फोन व्यापून टाकले होते. मी स्वतः ते ‘झाडी’ सात ठिकाणी पुढं पाठवलं, जेवढं फिरेल तेवढं बरं म्हणून. २९ जूनला जाता जाता मंत्रिमंडळानं शहराचं नाव बदलायचा निर्णय घेतला आणि आमच्या ग्रुपांवर पाण्याचा विषयच संपला. पुढचे दोन महिने सगळे नावावर भांडले. त्यात एका रात्री कुणीतरी मधेच ‘आलं का?’ विचारलं, तर एकानं ‘कोण?’ असं उत्तर दिलं.

काकांना ऑगस्टमध्ये दुसऱ्या भागात पाठवलं. त्या चित्रामुळेच की नेहमीची बदली, हे आईला कळलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. नवीन लाइनमन चहा घेत नाही. आई तरी थर्मास भरते, सवयीनं, आणि मग पहाटे आम्हीच तो चहा पितो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत, ऑफिसातल्या एका मुलीनं जेवताना फोन पुढं केला. तिच्या गावच्या ग्रुपवर आलेलं चित्र. गाव वेगळं, वरची ओळ वेगळी, खाली कुठल्या तरी उमेदवाराचं चिन्ह. मधला फोटो इतक्या फोनांमधून उतरून इतका धुरकट झालेला की माणूस आहे हेही नीट कळेना. पिवळा डाग, त्यावर वाकलेलं काहीतरी, हातात टी. “मस्त आहे ना?” ती म्हणाली.

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. लुनाचा भाग शोधला. आणखी मोठं केलं. चार-पाच करडे चौकोन, बस.

“काय बघतेयस एवढं?” तिनं विचारलं.

“काही नाही,” म्हणून मी फोन परत दिला.